दोन दिवस उशिरा

आमच्या घरी आधी गवत होतं, घोडे नव्हते. टाकवे बुद्रुकच्या वरच्या अंगाला सासरची बरीच माळजमीन होती. भात पिकायचं ते ओढ्याकाठच्या चार खाचरांत. बाकी सगळं दिवाळीनंतर कापायचं गवत. ते दाबून गठ्ठे बांधायचे, बैलगाडीनं कामशेत स्टेशनवर न्यायचे आणि तिथून वॅगननं पुण्याला, शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांना. हा धंदा माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, उभा केला होता. मी पुण्यातल्या शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली. सुनेला इंग्रजीत पत्र लिहिता येतं, एवढ्यावर आबा माझ्यावर खूश होते. नवरा लोणावळ्याला रेल्वेत कारकून. त्याला क्वार्टर मिळाली होती, पण गावच्या घरी कुणीतरी हवं म्हणून मी टाकव्याला राहिले. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीला जायचा. आमचा संसार असा वीस-बावीस वर्षं चालला.

लग्नानंतर तीनेक वर्षांनी आबा पुण्याहून एक घोडी घेऊन आले. तांबडी, उंच, पुढच्या डाव्या पायाची शीर सुजून कायमची जाड झालेली. ती आता पळणार नव्हती. तबेल्यातल्या माणसानं आबांना सांगितलं होतं, नेणार असाल तर आज न्या, उद्या तिला गोळी घालतील. गवत उतरवून रिकाम्या परतणाऱ्या वॅगनमधून ती कामशेतला आली. तिच्याबरोबर तबेल्यातले एक म्हातारे जमादारही आले. सगळी हयात त्यांनी घोड्यांपाशी काढली होती आणि हात कापायला लागल्यावर त्यांनाही कामावरून कमी केलं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

आबांच्या मनात काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. घोडी पळत नसली तरी तिचं रक्त चांगलं आहे, तिला शिंगरं झाली तर ती पळतील. गवत आपलं, पाणी आपलं. मग लोकांच्या घोड्यांना किती दिवस चारा पुरवायचा? एवढं बोलून ते झोपाळ्यावर जाऊन बसले. त्याच थंडीत त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, आणि बोललेलं फक्त सासूबाईंना कळायला लागलं.

शिमग्याच्या सुमाराला एके सकाळी चाचा ओसरीपाशी येऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, घोडी आलंगावर आली आहे, म्हणजे माजावर. घोडा दाखवायला पाहिजे. आता गेलं तर वर्ष गेलं."

मी आत जाऊन आबांना विचारलं. त्यांनी डावा हात उचलून दाराकडे केला. म्हणजे जा. कुणी जायचं ते मी विचारलं नाही. नवरा लोणावळ्याला, धाकटे दीर पुण्याला कॉलेजात, आणि चाचांना एकट्यानं तिला रस्त्यावरून नेणं झेपलं नसतं. मी चपला घातल्या.

वडगावच्या पुढे एका मोठ्या मालकाचा घोड्यांचा मळा होता. तिथपर्यंत आम्ही दोन दिवस चालत गेलो, कारण तिच्या त्या पायाला एका दिवसाची चाल सोसली नसती. वाटेत कामशेतला ओळखीच्या घरी मुक्काम केला. मळ्यावर पोचलो तर तिथले मॅनेजर म्हणाले, "बाई, तुम्ही बंगल्यावर बसा. चहा घ्या. काम झालं की बोलावतो."

"घोडी कोण धरणार?" मी विचारलं.

"आमची माणसं आहेत."

चाचाही खाली बघत म्हणाले, "तुम्ही जा बाईसाहेब. हे बायकांनी बघायचं नाही."

मी गेले नाही. यात धाडस वगैरे काही नव्हतं. घोडी दोन दिवस माझ्या हाताशी होती, परक्या माणसानं दोर घेतला की ती कान मागं टाकत होती, आणि चाचांचे हात माझ्यासमोर कापत होते. मी दोर सोडला नाही. मळ्यावरची चार माणसं माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणून घोडा आणणाऱ्यालाही नीट मदत मिळाली नाही. मला लाज वाटली नाही, भीती मात्र वाटली. दहा-बारा मणांचं जनावर मागच्या दोन पायांवर उभं राहतं आणि आपण त्याच्या पुढ्यात दोर धरून असतो. सगळं दोन-तीन मिनिटांत संपलं.

आमच्याआधी ही बातमी घरी पोचली होती.

"तू तितं हुबी व्हतीस?" सासूबाईंनी विचारलं.

"होय."

"समद्या गड्यांच्या म्होरं?"

"कुणीतरी घोडी धरायला हवी होती, आत्याबाई."

त्या आठ दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. नवव्या दिवशी कंटाळून जेवल्या. गावात मात्र पाणवठ्यावर पुढची दोन-तीन वर्षं मी आले की बायकांचं बोलणं थांबायचं. नवरा शनिवारी आला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लागलं नाही ना कुठं?"

अकरा महिन्यांनी ती घोडी व्याली. सूर्य वर आला होता, गोठ्यातली धार काढून झाली होती. शिंगराचा एक पाय दिसत होता, दुसरा आत दुमडलेला. चाचांना कळत होतं काय करायचं, पण हात ऐकत नव्हते. त्याच वेळी ठाकरवाडीवरची एक बाई गवताचा भारा घेऊन आली. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. आमच्याच माळावर गवत कापायला यायची, पण तोवर मी तिच्याशी चार शब्द बोलले नव्हते. तिनं भारा उतरवला, चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत हात घासले, धुतले आणि कुणाला न विचारता घोडीच्या मागं बसली. तिचा हात बारीक होता. तिनं शिंगराला आधी मागं ढकललं, पाय सरळ केला, मग घोडी कळ देईल तशी ओढत राहिली. मादी शिंगरू झालं. ते ओलं अंग गवतानं पुसत ती म्हणाली, "गाईचं आन् हिचं येगळं न्हाई. पाय लांब हायेत, येवढंच."

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, मावशी, उद्यापासून गवताला नको, घोड्यांपाशी या. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "येईन. पर सांच्याला लौकर जाईन. वाडी लांब हाय." पुढं अठरा वर्षं ती आली.

त्या वर्षांबद्दल लोक मला कौतुकानं विचारतात. मला आठवतो तो कामाचा शीण. पहाटे उठून हरभरा भिजलेला बघायचा, तोबरे भरायचे, लीद काढायची, खरारा करायचा, शिंगरांना माळावर सोडायचं, पावसाळ्यात चिखलानं सडलेले खूर साफ करून त्यांत डांबर भरायचं. मावळातला पाऊस चार महिने थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, खोगिरांना बुरशी धरते, घोडे खोकतात. त्यात आबांचं अंथरूण, घरचा स्वयंपाक. मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर त्याला कधी घेतलं असतं ते मला माहीत नाही. हळूहळू आणखी घोड्या आल्या, बहुतेक अशाच, कुणी लंगडी, कुणी हट्टी म्हणून काढून टाकलेली. पाच-सहा वर्षांत नऊ झाल्या. शिंगरं दीड वर्षाची झाली की पुण्या-मुंबईचे लोक बघायला यायचे. मोटारीतून उतरून पहिला प्रश्न ठरलेला, "मालक कुठं आहेत?" मी सांगायचे, "मालक अंथरुणावर आहेत. मी दाखवते." काही जण त्यावर परत मोटारीत बसले. काही थांबले. थांबणाऱ्यांना शिंगरं आवडायची, कारण माळाच्या चढ-उतारावर वाढल्यानं त्यांचे पाय घट्ट असत.

आबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी घोड्यांची साथ आली. उन्हाळ्यापासून पुण्याकडून वाईट ऐकू येत होतं. तबेल्यांत घोडे मरत होते, शर्यती बंद होत्या, घोड्यांची ने-आण करायला सरकारनं मनाई केली होती. आमच्याकडे काही नव्हतं, त्यामुळं मला वाटलं आपण दूर आहोत. पावसाळा संपता संपता एका सकाळी एक काळी घोडी दाणा खाता खाता थांबली. तिच्या डोळ्यांवरचे खळगे सुजून भरून आले होते. दुपारपर्यंत नाकातून पांढरा फेस यायला लागला, साबणाच्या पाण्यासारखा. चार वाजता ती गेली. तोंडात गवत तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले. चांगले, तरुण गृहस्थ होते, तेही अनेक रात्री झोपले नसावेत. म्हणाले, "लस अजून इकडे आलेली नाही. एकही घोडा जागेवरून हलवायचा नाही. हुकूम आहे. दारं बंद ठेवा, धूर करा."

त्याच दुपारी आम्ही काळीसाठी खड्डा खणत होतो. मावळात हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि घोड्याला लागतो तो खड्डा लहान नसतो. सहा गडी आणि आम्ही दोघी. पहार टेकवून मावशी मला म्हणाली, "वैनी, हितं ठिवू नका. समद्यांना वर पठारावर न्या."

"डॉक्टर हलवू नका म्हणालेत."

"आमची ढोरं खाली मराया लागली की आमी वर नेतो. माझा बा न्यायचा. वर वारा हाय. वाऱ्याला माशी टिकत न्हाई."

"माशीचं काय?"

"मला काय ठावं. पर वर मरत न्हाईत."

मी तिला म्हटलं, डॉक्टर शिकलेले आहेत, मावशी. तिनं पहार उचलली आणि परत खणायला लागली.

पुढच्या दोन दिवसांत दोन घोड्या गेल्या. त्यांतली एक तांबडी होती. तिच्या उशाशी चाचा बसून होते. ती गेल्यावर ते उठले, तोंड धुतलं आणि मला म्हणाले, "बाईसाहेब, आता माझ्यानं खड्डे बघवत नाहीत." त्यांना मी थांबा म्हटलं नाही. त्यांच्या मुलाकडे पुण्याला चिठ्ठी पाठवली, तो येऊन त्यांना घेऊन गेला.

तिसरा खड्डा बुजवून झाला तेव्हा मी मावशीपाशी जाऊन बसले.

"वरची वाट घोड्यांना चढेल का?"

"शेळ्या चढत्यात. चढतील."

"आत्ता निघायचं का?"

"परवाच निघायचं व्हतं," ती म्हणाली. रागानं म्हणाली नाही. कंबरेचा विळा सारखा करत म्हणाली.

आम्ही सहा घोड्या घेऊन निघालो. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं अडवतील. त्यांनी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "घराकडं मी बगते." वाडीपर्यंत वाट बरी होती. पुढं ओढ्याचं धोंड्यांनी भरलेलं पात्र, शेवाळलेले दगड, घोड्यांचे नाल घसरत होते. एकीला आधीच ताप असावा, आम्हाला कळलं नाही. ती शेवटच्या चढाला बसली आणि उठली नाही. तिला तिथंच सोडून आम्ही वर गेलो, कारण बाकीच्या पाच उभ्या होत्या.

पठारावर सोनकी फुलली होती, डोळ्याला बोचेल इतकी पिवळी, आणि वारा असा की पदर डोक्यावर राहत नव्हता. वाडीच्या माणसांनी कारवीच्या काठ्या रोवून घोड्यांना आडोसा करून दिला. मी मावशीच्या खोपटात पाच आठवडे राहिले. तिची सून मला वरीचा भात वाढायची आणि मी खाते का ते बघत राहायची. रोज सकाळी उठलं की आम्ही दोघी पहिल्यांदा घोड्यांच्या डोळ्यांवरचे खळगे बघायचो. रोज ते खोल असायचे. एकीला मधेच ताप आला आणि चार दिवसांनी उतरला. पाचही वाचल्या.

मधे डॉक्टर वर आले. सायकल वाडीत ठेवून, धापा टाकत. आधी रागावले, हुकूम मोडला म्हणून. मग त्यांनी पाचही घोड्यांचा ताप बघितला आणि दगडावर बसले. "हे तुम्हाला कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं. मी मावशीकडे बोट केलं. त्यांनी तिला बरेच प्रश्न विचारले, तिनं जमेल तशी उत्तरं दिली, त्यांनी वहीत लिहून घेतलं. काही महिन्यांनी त्यांच्या अहवालाची प्रत मला आली. त्यात लिहिलं होतं, मालकीणबाईंनी स्वतःच्या समयसूचकतेनं जनावरं उंच जागी हलवली. मी ते वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. दुरुस्तीचं पत्र लिहायला अर्धा तास लागला असता. मी तो अर्धा तास काढला नाही.

त्यानंतर लस आली, शर्यती सुरू झाल्या. पाच घोड्यांवर आम्ही पुन्हा सगळं उभं केलं. तांबडीचं ते पहिलं मादी शिंगरू या पाचांत होतं, मी ते विकलं नव्हतं. त्याचं एक पोर पुण्याला मोठी शर्यत जिंकलं. मला ते मंगळवारी कळलं, वाण्याकडून आलेल्या जुन्या पेपरात. लोक भेटायला आले, फोटो काढून गेले. फोटोत मी आहे, बाजूला घोडा आहे. मावशी त्या वेळी दाणा भरडायला गेली होती.

दुष्काळाच्या साली मावळात गवत होतं, पण धान्य मिळत नव्हतं. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, यायचा. दौंड-शिरूरकडची माणसं ढोरं घेऊन आमच्या माळावर आली होती, आम्ही त्यांना गवत दिलं. पण घोड्यांना हरभरा लागतो. एकदा गाडीतून हरभऱ्याची पोती उतरत होती आणि समोर रेशनच्या दुकानापुढं बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्या माझ्या ओळखीच्या. त्या उतरणारी पोती बघत होत्या. मला तेच जड गेलं. त्या वर्षी मी शिंगरं विकली आणि पुढच्या दोन वर्षांत घोड्याही. नवरा मुदतीआधी निवृत्त होणार होता, माझा एक गुडघा वाकत नव्हता. विकायला फार कारणं शोधावी लागली नाहीत.

गाव सोडून लोणावळ्याला जाण्याआधी एक काम करायचं मी ठरवलं होतं. ओढ्याकाठची दोन एकर मावशीच्या नावावर करायची. धाकटे दीर आता गावी राहत होते. ते म्हणाले, "वहिनी, पगार दिला ना तिला? मग जमीन कशाला?" मी त्यांना साथीचं सांगितलं. ते म्हणाले, "बघू." त्या बघूत दीड वर्ष गेलं. वडगावला तालुका कचेरीत मी आठ-दहा हेलपाटे घातले. कधी साहेब नसायचे, कधी एखादा कागद कमी पडायचा. शेवटी सगळं जुळलं त्या दिवशी मावशीला बरोबर नेलं. ती बाहेर चिंचेखाली बसली.

आत कारकून म्हणाला, "बाईच्या नावावर कशाला लावता? तिला मुलगा आहे ना? त्याचं लावा. पुढं वारसाची भानगड राहत नाही. तिच्या नावानं करायचं तर अजून एक दाखला लागेल, पुढच्या महिन्यात या."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मावशी पाय पसरून, डोळे मिटून बसली होती. उठून बाहेर जावं, तिला विचारावं, असं मनात आलं. पुढच्या महिन्यात यावं असंही आलं. बसायला तिथं एक बाक होतं, मी त्यावर बसले होते, आणि मला तिथून उठवेना. मी म्हटलं, "बरं. मुलाचं लावा." आणि सही केली.

बाहेर येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. यष्टी किती वाजता हाय?"

मी लोणावळ्याला राहायला गेले. निवृत्तीनंतर आम्ही तिथंच दोन खोल्या घेतल्या होत्या. वीस-बावीस वर्षं शनिवार-रविवार भेटणारा माणूस आता रोज समोर होता. तो माझ्याआधी उठायचा, पाणी तापवायचा, काही विचारायचा नाही. मी खुर्चीत बसून राहायचे. कधी कधी दुपार कशी गेली ते कळत नसे.

तीन वर्षांनी उन्हाळ्यात मावशी करवंदं विकायला लोणावळ्याच्या बाजारात आली आणि विचारत विचारत घरी आली. पाटी दाराशी ठेवली. मी जमिनीचं विचारलं, भात कसं झालं म्हणून.

"जिमीन न्हाई आता," ती म्हणाली. "पोरगं तळेगावला कारखान्यात लागलं. तितं खोली घ्यायची व्हती. मुंबईवाल्याला दिली जिमीन. बंगला बांदतोय तो."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं की. पर कागद त्याचा व्हता. मी न्हाई म्हनून काय व्हनार?"

मी म्हटलं, "माझं चुकलं, मावशी. त्या दिवशी तुमचंच नाव लावायला हवं होतं. मी दमले होते."

तिनं माझ्याकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "दिसत व्हतं." मग पाटीतली चांगली करवंदं निवडून तिनं द्रोणात घातली आणि माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. चार वाजता तिची गाडी होती. मी तिला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले, तर ती म्हणाली, नका येऊ, तुमचा गुडगा दुकंल. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.